आमच्या घरची रेकॉर्ड

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि दोन अटी घातल्या आहेत. मेंटेनन्सवर बोलायचं नाही आणि लिफ्टवर बोलायचं नाही. या दोन गोष्टी वगळल्या तर पंचवीस वर्षं सोसायटीत राहिलेल्या माणसाकडे बोलायला फारसं काही उरत नाही. म्हणून मी सोसायटीच्या आधीच्या काळाकडे जातो. पण काळजी करू नका, शेवटी परत डोंबिवलीला येणार आहे.

आमच्या तरुणपणी गाणं विकत घ्यावं लागायचं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना हसू येतं. माझ्या नातीने एकदा विचारलं, "आजोबा, म्हणजे एका गाण्याचे पैसे?" मी म्हटलं, एका नाही, दोन गाण्यांचे. एक या बाजूला, एक त्या बाजूला. ती म्हणाली, "आणि दुसरं आवडलं नाही तर?" मी म्हटलं, आवडून घ्यायचं. पैसे दिलेत ना!

आम्ही मूळचे गिरगावातले. चाळ, दुसरा मजला, दोन खोल्या. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते एका छापखान्यात कंपोझिटर होते, म्हणजे खिळे जुळवायचे. पगार बेताचा. पण अण्णांना एकच शौक होता, गाण्याचा. त्यांनी चोरबाजारातून जुना चावीचा फोनो आणला होता. पेटीसारखा, झाकण उघडलं की आत तबकडी फिरायची. हँडल फिरवून चावी भरायची, साउंडबॉक्समध्ये पिन लावायची आणि हलक्या हाताने रेकॉर्डवर ठेवायची. स्टीलच्या पिना छोट्या पत्र्याच्या डबीत मिळायच्या. खरं म्हणजे दर बाजूला नवी पिन लावायची असते, कारण ती झिजली की रेकॉर्डच खरवडते. आमच्याकडे एक पिन चार-चार बाजूंना चालायची. बेताचा पगार, दुसरं काय!

या जुन्या रेकॉर्डी मिनिटाला 78 फेरे घ्यायच्या आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायच्या. त्या प्लॅस्टिकच्या नव्हत्या, लाखेच्या होत्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवर किडे जी लाख करतात, तीच. आपल्या देशात रेकॉर्डिंगची सुरुवात झाली 1902 साली, कलकत्त्यात. तेव्हा गौहरजान गायल्या, आणि गाण्याच्या शेवटी त्यांनी इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगितलेलं आजही ऐकू येतं. त्या रेकॉर्डी छापायला जर्मनीत हॅनोवरला पाठवत. म्हणजे लाख आपल्याकडची, गाणं आपल्याकडचं, आणि छपाई तिकडे. पुढे 1908 साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तो हेलपाटा वाचला. त्या तीन-साडेतीन मिनिटांनी गवयांनाही शिस्त लावली. रात्रभर गाणाऱ्या माणसाला सांगायचं की बुवा, साडेतीन मिनिटांत राग आटोपा! आपलं मराठी भावगीत वाढलं तेही याच मापात. गजाननराव वाटवे, जी. एन. जोशी, मालती पांडे, माणिक वर्मा, ही सगळी मंडळी घराघरांत पोचली ती रेडिओमुळे आणि या काळ्या तबकड्यांमुळे.

आता दुकानाकडे येतो. ठाकूरद्वारच्या बाजूला एक अरुंद दुकान होतं. मालक कच्छी, सगळे त्यांना शेठ म्हणायचे. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायचे आणि मराठी गाण्यांतलं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचं. पुढे लाकडी काउंटर, मागे छतापर्यंत फळ्या, आणि त्यात खाकी कागदाच्या पाकिटांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. पाकिटाला मधोमध गोल भोक, त्यातून लेबल दिसायचं. लेबलावर भोंग्यासमोर बसलेला तो कुत्रा. शेठचा नियम असा की, घ्यायची असेल तर एक बाजू ऐकवणार. दोन ऐकल्या आणि एकही घेतली नाही तर तिसऱ्यांदा चावी भरणार नाही. पण ते माणूस बघून नियम वाकवायचे. अण्णा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गेले की चार-चार बाजू ऐकवायचे. अण्णा घ्यायचे दोन महिन्यांतून एक.

आम्ही पोरं मात्र दुकानाबाहेर फळकुटावर बसून फुकट ऐकायचो. बुधवारी रात्री 8 वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची. तिची क्रमवारी ठरवताना दुकानांतला रेकॉर्डींचा खप धरायचे. हे कळल्यापासून आम्हाला वाटायचं की आमच्या गल्लीत कुणी एक रेकॉर्ड घेतली की ते गाणं एक पायरी वर चढणार! घेणारा मात्र आमच्यात कुणी नव्हता.

1966 साल. मी बारा वर्षांचा. अण्णांना ओव्हरटाइम मिळाला होता आणि त्यांना सुट्टी नव्हती. त्यांनी मला पैसे मोजून दिले आणि एका कागदावर रेकॉर्डचा नंबर लिहून दिला. माणिक वर्मांचं एक भावगीत. कुठलं, ते मी आज सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. आईचं ते लाडकं गाणं होतं. रेडिओवर लागलं की ती हातातलं काम थांबवायची, आणि आमच्या आईने काम थांबवणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

शेठने रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली, एक बाजू लावून दाखवली आणि पाकिटात घालून माझ्या हातात दिली. म्हणाले, "दोन्ही हातांनी धर. पळायचं नाही." मी रस्त्यावर अजिबात पळलो नाही. चाळीच्या जिन्यात पळालो. आईला आधी सांगायचं होतं ना! दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय अडकला आणि रेकॉर्ड कठड्यावर आपटली.

लाखेची रेकॉर्ड बशीसारखी फुटते. माझी दोन तुकडे झाली नाही एवढंच. काठापासून आत बोटभर तडा गेला. मी जिन्यातच बसून राहिलो. अण्णा संध्याकाळी आले, तसाच त्यांना जिन्यात भेटलो. त्यांनी रेकॉर्ड उजेडात धरली, नखाने तडा चाचपला आणि म्हणाले, "वाजते का बघू."

वाजली. सुरुवातीला दर फेऱ्याला 'टक' असा आवाज यायचा. आणि दुसऱ्या कडव्यात एका शब्दावर पिन अडकायची, तोच शब्द पुन्हा पुन्हा. मग अण्णा बोटाने साउंडबॉक्स अलगद उचलायचे आणि जरा पुढे ठेवायचे. त्यात एक अख्खी ओळ जायची. हळूहळू अण्णांचा हात इतका बसला की तो शब्द यायच्या आधीच बोट तयार असायचं. अण्णा नसले की आई ते काम करायची. आमच्या घरी ते गाणं एक ओळ कमी होतं, आणि आम्हा सगळ्यांना ते तसंच पाठ होतं. स्वयंपाकघरात आई गुणगुणायची तीही ती ओळ गाळून. अण्णांनी मला कधी बोल लावला नाही. मारलं असतं तर विसरलोही असतो.

नंतर माझी नोकरी लागली, 1975 साली. पगार चारशेच्या घरात, त्यातला बराचसा घरात द्यायचा. तोवर जुन्या 78 च्या रेकॉर्डी बंद झाल्या होत्या. छोट्या ईपी आल्या होत्या, त्यात बहुधा चार गाणी. आणि मोठ्या एलपी. एलपी चाळीस-पंचेचाळीस रुपयांना, म्हणजे पगाराचा दहावा हिस्सा. म्हणून एलपी घेताना सहा महिने विचार करायचा. चार मित्र मिळून घ्यायची आणि आठवडा-आठवडा वाटून न्यायची. एका मित्राकडे एचएमव्हीचा 'फिएस्टा' रेकॉर्ड प्लेअर होता. त्यामुळे त्याच्या घरी आमचा मुक्काम आणि त्याच्या आईला आमचा चहा. त्याच वर्षी 'शोले' आला, आणि गाण्यांपेक्षा त्यातल्या संवादांची रेकॉर्ड जास्त वाजायला लागली. हॉटेलात, पानवाल्याकडे, गणपतीच्या मांडवात, सगळीकडे तेच संवाद. शेठ वैतागायचे. "लोक गाण्याच्या दुकानात येऊन गब्बर मागतात," म्हणायचे. पण विकायचे.

पगाराच्या दिवशी कधी काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊसला जायचो. तिथे काचेच्या केबिनमध्ये बसून ऐकायला मिळायचं. आत गेलं की आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं. ऐकायचं तिथे आणि विकत घ्यायचं मात्र शेठकडून, हा आमचा अप्रामाणिकपणा. पण शेठकडे वही होती. त्यात नाव लिहिलं की पैसे पुढच्या महिन्यात.

मग कॅसेटचं युग आलं. आमच्या चाळीतला एक जण दुबईहून टू-इन-वन घेऊन आला तेव्हा अख्खी चाळ त्याच्या खोलीत गोळा झाली होती. रेकॉर्डीचं वैभव गेलं, पण एक खरं सांगतो, कॅसेटने गाणं गरिबाच्या घरात नेलं. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, विठ्ठल उमपांची लोकगीतं, पु.लं.चं कथाकथन, सगळं आता खिशाला परवडायला लागलं. एसटी स्टँडवर, वडापावच्या गाडीशेजारी कॅसेटी मिळायला लागल्या. पुण्यात कर्वे रोडवर अलूरकरांचं दुकान होतं. ते नुसते विकायचे नाहीत, स्वतः उत्तमोत्तम गाण्याच्या कॅसेटी काढायचे. पुण्याला लग्नाला गेलो की लग्न थोडं आणि अलूरकर जास्त, असं व्हायचं.

शेठच्या दुकानावरही पाटी लागली, 'कॅसेट भरून मिळेल'. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. कायद्याने ते बरोबर नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. 1982 साली माझं लग्न ठरलं तेव्हा मी सौ.साठी साठ मिनिटांची कॅसेट भरून घेतली. यादी करायला तीन रात्री लागल्या. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, फार पुढे गेल्यासारखं तर वाटणार नाही ना! कॅसेट घ्यायला गेलो तर शेठ म्हणाले, "दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं जागा उरत होती. कोरी कशाला सोडायची? एक माझ्याकडचं टाकलंय." घरी येऊन लावली. ते माणिक वर्मांचं गाणं होतं. सोळा वर्षांपूर्वी बारा वर्षांचा मुलगा कुठली रेकॉर्ड घेऊन गेला, ते शेठच्या लक्षात होतं. मी ती फोडली हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंही नाही.

सौ. समोर बसल्या आहेत. ती कॅसेट त्यांनी अजून ठेवली आहे. वाजत नाही, पण ठेवली आहे.

अण्णा 1991 साली गेले. फोनोची स्प्रिंग त्याआधीच गेली होती, ती पेटी कॉटखाली पडून होती. रेकॉर्डी साठेक होत्या, फळीवर.

आणि मग आलं 2000 साल, म्हणजे आपली ही सोसायटी. तुमच्यातल्या बहुतेकांना तो काळ आठवत असेल. पाण्याचा टँकर, समोर चिखल, रात्री बेडकांचा आवाज. पण स्वतःचा ब्लॉक! स्वतःचा संडास! गिरगावातली खोली सोडताना आम्ही ठरवलं की नव्या घरात जुनं सामान न्यायचं नाही. टेंपोवाल्याने सांगितलं एकच फेरी. मी भंगारवाल्याला बोलावलं. तांब्याचा बंब, लोखंडी कॉट, फोनोची पेटी आणि अण्णांच्या सगळ्या रेकॉर्डी. त्याने रेकॉर्डी हातात तोलून बघितल्या आणि सगळ्याचे मिळून एक आकडा सांगितला. मी घासाघीससुद्धा केली नाही. घाई होती.

आई बाजूला उभी होती. तेव्हा ती सत्तरीला आलेली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती एवढंच म्हणाली, "पुसून तरी दे." आणि खाली बसून तिने साठ रेकॉर्डी एकेक करून पदराने पुसल्या. भंगारवाला उभा. टेंपोवाला खालून हॉर्न मारतोय. मी घड्याळ बघतोय. ती तडा गेलेली रेकॉर्ड आली तेव्हा तिने ती जरा वेळ हातात धरली असावी. असावी असं म्हणतो, कारण मी बघत नव्हतो.

त्या पैशांतून मी आपल्या नव्या दारावर लावायला पितळी पाटी करून घेतली. बी विंग, तिसरा मजला. ती पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. दिवाळीला मी ती चिंचेने घासतो. दर वर्षी घासताना मला आठवतं की ही पाटी कशाची आहे.

पुढे दहा-बारा वर्षांनी आईला विसरण्याचा आजार सुरू झाला. हळूहळू नावं गेली, मग माणसं गेली. मला ती कधी अण्णा समजायची. पण गाणी राहिली. डॉक्टर म्हणाले, असं होतं, गाणी बऱ्याचदा शेवटपर्यंत राहतात. ती दिवसभर तेच गाणं गुणगुणायची, दुसऱ्या कडव्यातली ती एक ओळ गाळून. एक दिवस मला म्हणाली, "अहो, ती रेकॉर्ड लावा ना." आता काय लावणार!

मुलाने मोबाइलवर अर्ध्या मिनिटात ते गाणं काढून दिलं. स्वच्छ, कुठे खरखर नाही. आई ऐकत होती, मान डोलावत होती. दुसऱ्या कडव्यात ती गाळलेली ओळ आली आणि ती एकदम थांबली. म्हणाली, "हे काय मध्येच? हे आपल्या गाण्यात नाही." आम्ही हसलो. ती हसली नाही. "आपली लावा," म्हणाली.

मग मी चोरबाजार धरला. मटण स्ट्रीटवर जुन्या रेकॉर्डींची दुकानं आहेत, ढिगारेच्या ढिगारे. चार रविवार गेलो. दुकानदार विचारायचा, नंबर काय? अण्णांनी लिहून दिलेला नंबर मला पाठ होता. बारा वर्षांच्या मुलाने वाटभर घोकलेला नंबर विसरत नाही. चौथ्या रविवारी मिळाली. आमची नव्हे, तशीच दुसरी. दोनशे रुपये घेतले. लेबलावर शाईने कुणा बाईंचं नाव आणि लग्नाची तारीख लिहिलेली होती. म्हणजे कुणीतरी आहेर केली असणार. आणि पुढे माझ्यासारख्याच कुणीतरी विकली असणार.

रेकॉर्ड आली, पण वाजवायची कशावर? इथे आपली सोसायटी मदतीला आली. सी विंगमधल्या आपल्या एका सभासदाकडे त्यांच्या आजोबांचा पेटी फोनो शोभेला ठेवलेला होता. सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो तेव्हा पाहिलेला. मी भीत भीत विचारलं. त्यांनी तीन रात्री बसून तो उघडला. आतलं ग्रीस दगड झालं होतं, ते खरवडून काढलं, स्प्रिंग साफ केली, तेलपाणी केलं. लिफ्टवर बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून एवढंच सांगतो की फोनो त्यांनी जिन्याने आणला. सी विंग खाली उतरून, बी विंग वर चढून.

ही बातमी कशी पसरली माहीत नाही, पण त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये अकरा माणसं होती. पार्किंगवरून ज्या दोघांचं बोलणं बंद होतं, ते दोघेही सोफ्यावर शेजारी शेजारी. मी चावी भरली. नवी पिन लावली. या वेळी खरंच नवी.

गाणं सुरू झालं. आई खुर्चीत सरळ बसली. 'टक' आवाज नव्हता, ते तिच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही. दुसरं कडवं आलं आणि तो शब्द यायच्या जरा आधी तिचा उजवा हात उचलला गेला. बोट पुढे. साउंडबॉक्स उचलायला! पिन अडकली नाही. शब्द आला आणि गेला, गाणं पुढे निघून गेलं. आईचा हात तसाच हवेत राहिला. मग तिने तो मांडीवर ठेवला. गाणं संपलं, आपल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या, आणि आई मला म्हणाली, "चांगली आहे हो. पण ही दुसऱ्या कुणाची तरी आहे."

त्यानंतरच्या वर्षी ती गेली.

मंडळी, मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. आमचा काळ सोन्याचा आणि आजचा काळ वाईट, असंही मला म्हणायचं नाही. माझी नात अर्ध्या मिनिटात जे ऐकते, ते ऐकायला अण्णांनी काय दिलं असतं! गाणं सगळ्यांना मिळतंय, ही चांगलीच गोष्ट आहे. पण जे सगळ्यांचं असतं त्यात आपली खूण उरत नाही. विकत घेतलेली रेकॉर्ड घरात यायची आणि त्या घराची व्हायची. तिच्यावर पडलेला ओरखडासुद्धा त्या घराचा. दुकानं गेली ती जाणारच होती. शेठचं दुकान कधीच बंद झालं, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ऱ्हिदम हाऊस फेब्रुवारी 2016 मध्ये बंद झालं, तेव्हा मी मुद्दाम जाऊन आलो. माझ्यासारखे पांढऱ्या केसांचे बरेच जण तिथे उगाच फिरत होते. पण दुकान बंद होणं वेगळं, आणि आपणच आपल्या घरातलं उचलून तराजूत टाकणं वेगळं. पहिलं काळाने केलं. दुसरं मी केलं.

आता हे तुम्हाला का सांगतोय? आपल्या इमारतीला पंचवीस वर्षं झाली. पुनर्विकासाचा विषय मीटिंगमध्ये दोनदा निघून गेला आहे. आज ना उद्या होईल. तेव्हा आपण सगळे पुन्हा खोकी भरणार, पुन्हा टेंपोवाला एकच फेरी म्हणणार, आणि माळ्यावरच्या वस्तू पुन्हा भंगारवाल्याच्या समोर येणार. त्या दिवशी घाई करू नका, एवढंच माझं मागणं आहे.

थोड्या कामाच्या गोष्टी सांगतो. कुणाकडे जुन्या रेकॉर्डी असतील तर त्या आडव्या एकावर एक रचू नका, उभ्या ठेवा. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाने वाकतात. लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. 78 च्या फोनोची स्टीलची पिन एलपीवर चुकूनही लावू नका, एका फेरीत वाट लागेल. कॅसेटी असतील तर वर्षातून एकदा तरी पुढे-मागे फिरवून ठेवा. आणि त्यात घरच्या माणसांचे आवाज असतील, म्हणजे बारशाचं, मुंजीचं रेकॉर्डिंग, आजीची ओवी, तर आधी त्या मोबाइलमध्ये उतरवून घ्या. बाजारातलं गाणं कुठेही मिळेल, हे कुठेच मिळणार नाही. द्यायच्याच असतील तर वजनावर देऊ नका. मुंबईत रेकॉर्डी जमवणाऱ्यांची मंडळी आहेत, चोरबाजारातले जुने दुकानदार आहेत. निदान ज्याला ऐकायचंय त्याच्या हातात जाऊ देत.

सी विंगचा तो फोनो आता चालू स्थितीत आहे. कमिटीने परवानगी दिली, तर महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसमध्ये आम्ही तो लावू. ज्यांच्याकडे जे असेल ते घेऊन यावं. एक बाजू तुमची, एक बाजू शेजाऱ्याची. चहा माझ्याकडून. आणि रेकॉर्ड अडकली तर ती सुधारू नका, तुमच्या घरी जसं बोट लावत होतात तसंच लावा.

शेवटचं. आमच्या अण्णांना सवय होती. प्रत्येक रेकॉर्डच्या लेबलावर ते तांबड्या शाईने क्रमांक घालायचे आणि खाली बारीक अक्षरात 'गिरगाव' लिहायचे. कंपोझिटरचं अक्षर, छापल्यासारखं. त्या साठ रेकॉर्डी कुठेतरी असतील. सगळ्या फुटल्या नसतील. ही स्मरणिका तुम्ही नातेवाइकांना देणार, ती कुठे कुठे जाणार. कुणाच्या घरी, कुणाच्या माळ्यावर, तांबड्या शाईची, काठाला तडा गेलेली माणिक वर्मांची एखादी रेकॉर्ड दिसली, तर कृपया ऑफिसात निरोप ठेवा. मी ती परत मागणार नाही. ती आता तुमची आहे. फक्त एकदा ऐकू द्या. दुसऱ्या कडव्याला बोट मी लावीन.